सुई-दोऱ्याची होडी

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे भेटतो, त्या चौफुलीचे गाव कडोदरा. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेल्या मराठी माणसाला हे नाव पाठ असते. गाडी कडोदऱ्याला आली की सुरत आलीच म्हणून समजायचे आणि पिशव्या आवरायला घ्यायच्या. कापडाच्या गिरण्या, रंगाई-छपाईचे कारखाने आणि मालमोटारींची न संपणारी रांग, असे हे गाव. अशा ठिकाणी होडीचा विचार कोणाच्या मनात येणार? पण खानदेश ओलांडून आलेली तापी येथून काही किलोमीटरवर सुरतेला वळसा घालून समुद्राला मिळते, आणि याच नदीच्या काठी एकेकाळी हिंदुस्थानातले नामांकित जहाजसुतार तयार झाले.

सुरत म्हटली की आपल्याला साडी आठवते, जर आठवते, सुई-दोरा आठवतो. होडीसुद्धा सुई-दोऱ्याने शिवता येते, असे सांगितले तर घरातली लहान मुले हसतील. पण ते खरे आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षे होड्या शिवल्या गेल्या, आणि तीच युक्ती वेगळ्या साहित्याने वापरून आज जगभरातले हौशी लोक सुट्टीच्या दिवसांत घराच्या पडवीत होड्या बांधतात.

सुरतेचा सुतार

लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी जहाजसुतार. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईला नेले. त्यांच्या देखरेखीखाली मुंबईची गोदी उभी राहिली आणि १७५० साली तेथे सुकी गोदी तयार झाली. पुढे पिढ्यान् पिढ्या वाडिया घराण्याने मलबारी सागवानाची जहाजे बांधली. १८१० साली पाण्यात उतरलेली 'मिंडेन' ही इंग्रजांच्या आरमारासाठी इंग्लंडबाहेर बांधलेली पहिली मोठी युद्धनौका. १८१७ साली मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षे उलटली तरी तिच्या अंगावरचे सागवान साक्ष देते आहे.

या कारागिरांच्या हाताशी आजच्यासारखे अभियांत्रिकी महाविद्यालय नव्हते. बाप मुलाला शिकवी, मुलगा नातवाला. डोळ्याचा अंदाज, हाताची सवय आणि चूक झाली तर सहन कराव्या लागणाऱ्या परिणामांची भीती, ही त्यांची पाठ्यपुस्तके. होडी बांधणाऱ्या हौशी माणसाने या तिन्हींतली शेवटची गोष्ट कधीही विसरू नये. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

टपालाने आलेला नकाशा

मुंबईतच घडलेली आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवर नोकरीला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःची शिडाची होडी बांधायचे ठरवले. इंग्लंडहून टपालाने नकाशे मागवले. जे हवे होते ते आलेच नाहीत. भलत्याच जुन्या वळणाच्या होडीचे नकाशे आले. वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे, म्हणून आले त्यावरच काम सुरू झाले. मुंबईच्या सुतारांनी हाताने चालवायच्या हत्यारांनी सागवानाची ३२ फुटी होडी घडवली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. तिचे नाव 'सुहेली'.

१४ जून १९६८ रोजी हा गडी इंग्लंडमधील फॅल्मथ बंदरातून 'सुहेली' घेऊन एकटाच निघाला. कोणत्याही बंदराला न थांबता पृथ्वीला वळसा घालायचा, अशी ती शर्यत होती. नऊ जण निघाले. पुरी केली एकट्याने. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, नॉक्स-जॉन्स्टन फॅल्मथला परतला. एकट्याने, न थांबता, शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला. शर्यतीतल्या काही होड्या तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान होत्या. पण मुंबईच्या सुतारांची जाडजूड, संथ होडी टिकली.

नदी भांडणाची, होडी अभिमानाची

सीमाभागातल्या वाचकांना 'म्हादई' हे नाव वेगळे सांगायला नको. खानापूर तालुक्यातल्या डोंगरात उगम पावून ती गोव्यात उतरते आणि मांडवी म्हणून समुद्राला मिळते. तिच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात वाद झाला. २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली त्याचा निवाडा आला आणि तरीही चर्चा थांबलेली नाही. पण त्याच नदीचे नाव घेतलेली एक होडी पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, हे आपल्या घराघरांत किती जणांना ठाऊक आहे?

कल्पना निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एकट्याने जगाला वळसा घालावा, असा त्यांचा ध्यास होता. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. प्रश्न होता, होडी बांधणार कोण? मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा फायबरग्लासच्या होड्या बांधण्याचा कारखाना होता. महासागर ओलांडणारी शिडाची होडी त्यांनी त्याआधी बांधलेली नव्हती. नकाशे हॉलंडचे, लांबी ५६ फूट, आत लाकूड आणि वर फायबरग्लासचा थर. दोंदे होडी बांधून होईपर्यंत तिच्याभोवतीच वावरले. समुद्रात मध्यरात्री काही मोडले तर दुरुस्त करायला दुसरे कोण येणार होते? फेब्रुवारी २००९ मध्ये 'म्हादई' नौदलात दाखल झाली.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन, असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघून, कोठेही न थांबता, ३१ मार्च २०१३ रोजी प्रदक्षिणा पूर्ण केली.

दांडेकरांच्या कारखान्यातूनच पुढे 'तारिणी' निघाली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या. २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तोच पराक्रम केला. 'सुहेली'ची प्रतिकृती असलेली 'थुरिया'ही येथेच बांधली गेली. तिच्यातून टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि मोठ्या प्रयत्नांनी त्यांची सुटका झाली. पण हा माणूस थांबला नाही. २०२२-२३ च्या शर्यतीत दुसऱ्या होडीतून उतरून त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला.

खिळा नसलेले जहाज

आता त्या शिवलेल्या होडीकडे वळू. २१ मे २०२५ रोजी कारवारच्या नौदल तळावर एक जहाज समारंभपूर्वक नौदलात आले. नाव 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातील जहाजावरून ते बेतले होते. गोव्यातील होडी इनोव्हेशन्स या संस्थेने ते बांधले आणि केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच्या फळ्या शिवल्या. फळीला फळी लावायची, कडेला छिद्रे पाडायची, नारळाच्या काथ्याची दोरी ओवून ती ताणून बांधायची आणि फटी काथ्या व राळेने बुजवायच्या. सांगाडा आणि कवच जोडायला लोखंडी खिळे नाहीत. शिडे चौकोनी, सुकाणूच्या जागी मोठी वल्ही.

चित्रावरून जहाज बांधणे सोपे नव्हते. चित्रात एकच बाजू दिसते. तळ कसा, खोली किती, वाऱ्यात ते किती कलेल, हे चित्रकाराने थोडेच लिहून ठेवले होते? म्हणून लहान प्रतिकृती करून मद्रासच्या आय.आय.टी.त तिच्या चाचण्या घेतल्या गेल्या. जुनी कला आणि नवे शास्त्र असे हातात हात घालून चालले. २९ डिसेंबर २०२५ रोजी 'कौंडिण्य' पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ च्या मध्याला मस्कतला पोहोचले.

आपल्या कानडी घरांना आवडेल अशी एक गोष्ट येथे आवर्जून सांगायला हवी. या जहाजाच्या शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य आहेत. दोन तोंडांचा गंडभेरुंड म्हणजे कर्नाटकाच्या राजमुद्रेवरचा पक्षी. चित्र महाराष्ट्रातल्या लेण्यातले, हात केरळचे, अंगण गोव्याचे, शिडावर कन्नड मातीची खूण आणि समारंभ कारवारात. भाषेवरून वाद घालणाऱ्यांनी या जहाजाकडे एकदा शांतपणे पाहावे.

दोरीने शिवण्यात अडाणीपणा होता, असे समजू नका. खिळ्यांनी जखडलेली फळी वाळूवर आपटली की फुटते. शिवलेली फळी थोडी लवते, हलते आणि वाचते. लाटांतून थेट पुळणीवर ओढायच्या होड्यांना हा लवचिकपणा फार उपयोगी. रापणीच्या होड्या अशा शिवलेल्या असत, हे कारवार-गोव्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. मात्र टाके कुजतात. ते वेळोवेळी उसवून नवे घालावे लागतात. ही होडी मालकाकडून लक्ष मागते, आणि ते दिले नाही तर बुडवते.

अंबिगाचा वारसा

समुद्र आपल्यापासून घाटाखाली असला तरी नद्या दाराशी आहेत. कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, भीमा. मराठीत नावाडी, कन्नडमध्ये अंबिग. बाराव्या शतकातले शरण अंबिगर चौडय्या यांचा व्यवसायच मुळी माणसांना पैलतीरी नेण्याचा. बसवण्णांच्या काळातल्या या परखड वचनकाराने आपल्या धंद्याचे नाव आपल्या नावापुढे मिरवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हंपी-आनेगुंदीच्या बाजूला गेलेल्यांनी तुंगभद्रेतली गोल टोपलीसारखी होडी पाहिली असेल. कन्नडमध्ये तिला हरिगोलु म्हणतात. बांबूच्या कामट्यांची वीण आणि बाहेरून पूर्वी कातडे, आता डांबर लावलेले प्लास्टिकचे कापड. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशानेही तिचे वर्णन करून ठेवले आहे. आपल्याकडे महापुरात गुऱ्हाळावरची काहील होडी होते. ज्या कढईत उसाचा रस आटतो, त्याच कढईतून आजीला आणि शेरडांना पैलतीरी नेतात. ही सुद्धा हौशी नौकाबांधणीच म्हणायची. फक्त हौसेची नसून गरजेची.

पडवीतली होडी

हौसेने होडी बांधायची तर? १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स यांनी लहान मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची होडी आखली. प्लायवूडच्या साध्या तक्त्यांतून कापता यावी आणि सामान्य घराला परवडावी, हा हेतू. सुमारे २.३ मीटर लांबीची ही डबीसारखी होडी आज जगभर मुलांना शिडाचे धडे देते. १९६३ साली इंग्लंडच्या 'डेली मिरर' वर्तमानपत्राच्या पाठबळाने लाल शिडाची 'मिरर' आली. तिची जोडणी म्हणजे आपले काथ्याचे टाकेच. फक्त दोरीऐवजी तांब्याची तार. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी घरच्या घरी बांधलेल्या.

रीत थोडक्यात अशी. तपासलेला नकाशा घ्यायचा. मनाने मापे ठरवायची नाहीत. आय.एस. ७१० हे मानक असलेले मरीन प्लाय आणायचे. फर्निचरचे साधे प्लाय पाण्यात सुटते. तळ आणि बाजूंचे तुकडे कापून कडेला दहा-पंधरा सेंटिमीटरवर बारीक छिद्रे पाडायची. त्यांतून तांब्याच्या तारा ओवून पिळल्या की सपाट तक्त्यांना एकाएकी होडीचा आकार येतो. हा क्षण मुलांना जरूर दाखवावा. मग आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीचा लगदा भरायचा, त्यावर फायबरग्लासची पट्टी बसवायची, सुकल्यावर तारा काढायच्या आणि बाहेरूनही पट्टी लावायची.

दोन सूचना महत्त्वाच्या. इपॉक्सीचे दोन भाग सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत; लवकर वाळावे म्हणून कडक करणारे द्रव्य जास्त घातले तर जोड कच्चा राहतो. आणि हे काम पावसाळ्यात करू नये; हवेतल्या दमटपणाने थर बिघडतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. हातमोजे घालावेत, जागा हवेशीर असावी, लहान मुलांनी रसायनाला हात लावू नये. त्यांना सँडपेपर आणि रंगाचा ब्रश द्यावा. होडीच्या पुढच्या व मागच्या टोकाला हवाबंद कप्पे ठेवावेत, म्हणजे पाणी भरले तरी ती तळाला जात नाही.

पाण्याचा हिशेब

आता मूळ मुद्दा. २ मीटर लांब, १ मीटर रुंद, सपाट तळाची होडी घ्या. ती १० सेंटिमीटर बुडाली की २०० लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजे ती आणि तिच्यातले ओझे मिळून २०० किलो पेलते. होडी ४० किलोची आणि माणसे ६५ किलोची धरू. दोघे बसले की एकूण १७० किलो. होडी साडेआठ सेंटिमीटर बुडेल. बाजू ३५ सेंटिमीटर उंच असेल, तर पाण्यावर साडेसव्वीस सेंटिमीटर कड उरते. ठीक आहे.

त्याच होडीत सहा जण बसले तर? एकूण ४३० किलो. ती साडेएकवीस सेंटिमीटर बुडेल, पण कागदावर तरंगेलच! धोका येथेच आहे. काठावरचा माणूस म्हणतो, "तरंगते आहे ना, अजून एक बसू द्या." उरलेली कड जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. एक जण उभा राहिला, होडी कलली, पाणी आत आले. तळावर नुसते ५ सेंटिमीटर पाणी साचले तरी ते १०० किलोचे ओझे. आणि हे ओझे एका जागी बसत नाही, ज्या बाजूला होडी कलते त्याच बाजूला धावते. म्हणून होड्या हळूहळू बुडत नाहीत, क्षणात उलटतात.

हा हिशेब कागदापुरता नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला महापुरातून सुटकेसाठी निघालेली बोट उलटली आणि डझनभराहून अधिक जीव गेले. त्यात बायका-मुले होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका दगावल्या. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली. सहा जण गेले. ठिकाणे वेगळी, पण त्या घरांवर कोसळलेले दुःख एकच.

वाचकहो, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्र नसलेल्या होड्यांचाही विचार केला आहे. पण पूर रात्री येतो तेव्हा कायदा काठावर उभा नसतो, गावच असते. म्हणून ज्यांच्या गावात ग्रामपंचायतीची किंवा तरुण मंडळाची होडी आहे, त्यांनी मे महिन्यातच चार गोष्टी पाहाव्यात. तळाचे सांधे ठीक आहेत का? किती माणसे बसवायची तो आकडा होडीवर मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवला आहे का? तितकीच जीवरक्षक जॅकेटे आहेत का, आणि त्यांत मुलांच्या मापाची आहेत का? पाणी उपसायला डबा आणि एक जादा वल्हे आहे का?

आणि घरातल्या मुलांना निदान वर दिलेला हिशेब करायला लावावा. प्लायवूडची होडी सगळ्यांना जमेल असे नाही. वही-पेन्सिल प्रत्येकाकडे असते. ज्या मुलीने एकदा स्वतः आकडे मांडून पाहिले आहेत, ती उद्या सहलीच्या धक्क्यावर उभी असताना सरळ विचारील, "काका, या होडीत किती माणसं बसतात?" तिला गप्प बसवू नका.